अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या शेतकरी घराण्याचा माग कसा काढायचा?

प्रश्न: १८७०च्या दशकात नेब्रास्कात होमस्टेड (वसून कसण्याच्या अटीवर मिळणारी सरकारी जमीन) घेतलेल्या शेतकऱ्याचं नाव आणि काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) माहीत आहे. जनगणनेत जेमतेम नाव-वय मिळतं. घर, पीकपाणी कुठे कळेल?

उत्तर १: जमिनीचे कागद धरा. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याच्या संकेतस्थळावर पेटंट, म्हणजे जमिनीचा मालकीपत्र, फुकट शोधता येतं. त्यावरचं सेक्शन, टाउनशिप, रेंज (मोजणीनुसार जमिनीचा ठावठिकाणा) आणि लँड ऑफिस (दावा नोंदवलेली कचेरी) उतरवून घ्या आणि नॅशनल आर्काइव्हज या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून दाव्याची फाइल मागवा. खरा ऐवज तिथेच! १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत जमीन मिळे, पण ५ वर्षं राहून कसल्याचं २ साक्षीदारांनिशी सिद्ध करावं लागे. त्यामुळे घराची लांबी-रुंदी, विहीर, कुंपण, किती एकर नांगरले, घरात माणसं किती, हे जबाबात येतं. माणूस परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदही असतात.

उत्तर २: एक भर. पेटंट सापडलं नाही म्हणून हात टेकू नका. १८७४च्या टोळधाडीनंतर कित्येकांनी दावे अर्धवट सोडले. अशांना पेटंट नाही, पण ट्रॅक्ट बुकात (जमिनीच्या तुकड्यांनुसार दाव्यांची नोंदवही) नोंद असते. तिथे नावाने नाही, सेक्शन-टाउनशिपने शोधावं लागतं.

उत्तर ३: पिकांसाठी १८८०च्या जनगणनेतला शेती-तक्ता पाहा: मका किती बुशेल (धान्याचं माप), गाई-डुकरं किती. १८९०ची जनगणना बहुतेक गेली, १९२१च्या आगीमुळे. नेब्रास्काचं नशीब बरं, तिथे १८८५ची राज्य जनगणना आहे, तीही शेती-तक्त्यासकट.

प्रश्नकर्ता: आडनावाची स्पेलिंगं तीन दिसतात. कोणतं धरू?

उत्तर १: तिन्ही. कारकून ऐकू येईल तसं लिहीत.