आरसी (रिमोटच्या) ट्रॅक्टरला मोटर आणि स्टेअरिंगचा सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) कुठला घालू? बजेट १५००

पलूसचा_काका
राम राम मंडळी. पुतण्यासाठी फोमशीटचा ट्रॅक्टर करतोय, मागं उसाची ट्रॉली, बेंदराच्या आधी पळायला पायजे. ६ चॅनेलचा रिमोट आणि ७.४ व्होल्टची बॅटरी आहे. मागच्या दोन मोटर, ईएससी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं सर्किट) आणि सर्वो एवढंच घ्यायचंय, १५०० च्या वर एक रुपया नाही. आणि जुना सर्वो लावून बघितला तर डावीकडं भरपूर वळतोय, उजवीकडं जरासाच, हे कशानं?

नाद_करायचा_नाय
भावा डायरेक्ट ब्रशलेस मोटर घाल. माझी गाडी ९ हजाराला पडली पण आमराईत पळवली की लोक मोबाईल काढत्यात.

हळदपेठ
पिवळी बीओ मोटर (प्लॅस्टिक गियरची स्वस्त मोटर) घेऊ नको एवढंच सांगतो. ट्रॉलीत दोन वीट ठेवल्या आणि आतले प्लॅस्टिकचे दाते करकर करून गेले, दुकानदार म्हणतो तुम्हीच लोड जास्त दिला.

मिरजेचा_नाना
दोन विटा म्हणजे काय थोडं झालं काय ओ. असो. काका, तुमचा सर्वो खराब नाही, हॉर्न (सर्वोच्या दांड्यावरची पट्टी) सेंटर न करता बसवलाय. हॉर्न काढा, रिमोट चालू करा, स्टेअरिंगचा ट्रिम (रिमोटवरचं बारीक सेटिंगचं बटण) मधोमध आणा, मग गाडीतल्या रिसीव्हरला करंट द्या. सर्वो आपोआप मधे येऊन थांबतो, रिसीव्हरकडून १.५ मिलिसेकंदाचा पल्स आला म्हणजे त्याचा मध्य. आता चाकं सरळ धरून हॉर्न चाकाकडं जाणाऱ्या रॉडला काटकोनात बसवा. एखादा दाता पुढंमागं होतो, तेवढं ट्रिमवर काढा. रॉडला सायकलचा स्पोक घ्या, दोन्ही टोकं झेडसारखी वाकवायची.

कृष्णाकाठ
मिरजेत राहून स्पोक? सतारीची तार घ्या की.

मिरजेचा_नाना
सतारीची तार ढकलली की वाकते ओ, ती ओढायची तार आहे.

नाद_करायचा_नाय
सर्वो एमजी९९६आर घे, मेटल गियर, विषय संपला.

विश्रामबागची_ताई
विषय तिथंच सुरू होतो दादा. तो सर्वो अडकला की दोन अडीच अँपियर ओढतो, आणि स्वस्त ईएससीतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला ५ व्होल्ट देणारा भाग) असतो १ अँपियरचा. माझ्या गाडीत हेच झालं, वळवलं की व्होल्टेज बसायचं, रिसीव्हर रिसेट, गाडी जागेवर. मी आठ दिवस रिमोटला शिव्या देत होते. रिसीव्हर आणि सर्वोला वेगळा ५ व्होल्टचा बीईसी द्या, मायनस सगळ्यांचा एकत्र, आणि ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेप गुंडाळा. काकांच्या ट्रॅक्टरला एमजी९०एस पुरेल. मोटरच्या दोन टोकांना १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर पण लावा, नाहीतर सर्वो उगाच थरथरतो.

हळदपेठ
मी पण तेच म्हणणार होतो. बीओ घेऊ नको.

कारखाना_रोड
जॉन्सन गियर मोटर घे, १२ व्होल्ट २०० आरपीएम. ७.४ वर १२० च्या आसपास फिरंल, १० सेंटीमीटरचं चाक असलं तर मिनिटाला ३७-३८ मीटर, ट्रॅक्टरला बास झालं. दोन्ही मोटर समोरासमोर बसतात म्हणून एकीच्या वायरी उलट्या जोड, नाहीतर गाडी जागेवर गरागरा. आणि दोन्ही सिरीजमधे जोड, वळताना डिफरेन्शियलचं काम होतंय, म्हणजे बाहेरचं चाक जास्त फिरतंय.

कृष्णाकाठ
सिरीज? एक चाक बांधावर उचललं की सगळं व्होल्टेज त्यालाच, दुसरं बसतंय बघत. पॅरलल जोडा.

कारखाना_रोड
पॅरललला वळताना दोन्ही चाकं सारखीच फिरायला बघत्यात, पुढची चाकं मग घासत सरळ जात्यात. आणि सिरीजला मोटरला व्होल्टेज निम्मं मिळतंय, मग मी सांगितलेला वेग पण निम्मा, ते मान्य. पण पोराच्या ट्रॅक्टरला बांध कुठला आलाय?

कृष्णाकाठ
पलूसला बांध नाही होय! बर.

नाद_करायचा_नाय
ब्रशलेसला असला त्रासच नाय.

विश्रामबागची_ताई
दादा, त्यांचं बजेट १५०० आहे.

पलूसचा_काका
सगळ्यांचे आभार. नानांनी सांगितल्यासारखं हॉर्न काढून सेंटर केला, दोन्हीकडं सारखा वळतोय, पाच मिनिटाचं काम होतं आणि मी दोन दिवस सर्वो उघडून बसलो होतो. जॉन्सनच्या दोन मोटरीतच हजार जात होते, म्हणून शेवटी पिवळ्या बीओच आणल्या, पॅरलल जोडल्या आणि सर्वो जुनाच ठेवला. हळदपेठवाले रागावू नका. ट्रॉलीत ऊस भरणार नाही, भडंग भरणार आहे.