अमेरिकेतल्या ज्यू मतदारांच्या चाचण्या: ट्रम्प यांना २१ टक्के की ३०? आणि शांतता-कराराचे आकडे वाचायचे कसे? (मंचावरची चर्चा; परिच्छेदांवरची नावं सदस्यांची टोपणनावं)

आकडेमोड

२०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर ज्यू मतदारांबद्दल दोन आकडे सारखे समोर येतात. जे स्ट्रीट या अमेरिकन ज्यू संघटनेने करवून घेतलेल्या चाचणीत बायडन ७७, ट्रम्प २१. असोसिएटेड प्रेसच्या व्होटकास्ट या मतदार-पाहणीत मात्र ट्रम्प ३० च्या आसपास. ८०० जणांच्या नमुन्यात ±३.५ टक्के चूक धरली, तरी एवढी तफावत त्यात मावत नाही. मग ती येते कुठून?

दुसरा प्रश्न याहून अवघड वाटतो. मार्च २००९ मध्ये जे स्ट्रीटच्या चाचणीत इस्रायल-पॅलेस्टाईन अंतिम कराराला ७६ टक्के पाठिंबा दिसला. त्याच सुमारास अमेरिकन ज्यूइश कमिटीच्या (पुढे एजेसी) वार्षिक चाचणीत पॅलेस्टिनी राष्ट्राच्या बाजूने जेमतेम निम्मे लोक होते. लोक तेच आणि काळही तोच, तरी इतका फरक. अशा चाचण्यांवर लिहिताना आधी कोणते तक्ते तपासायचे, हेही सांगा.

लघुगणक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. तफावतीची मुळं तीन: ज्यू कुणाला म्हटलं, तो माणूस सापडला कसा, आणि नंतर त्याला वजन किती दिलं, म्हणजे नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांचा वाटा हिशेबात कसा दुरुस्त केला.

व्याख्येपासून सुरू करू. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२० च्या पाहणीत अमेरिकेतले ज्यू प्रौढ सुमारे ५८ लाख, म्हणजे सगळ्या प्रौढांच्या २.४ टक्के. त्यातले सुमारे ४२ लाख 'तुमचा धर्म कोणता?' याला 'ज्यू' असं उत्तर देतात. उरलेले सुमारे १५ लाख 'कोणताच नाही', 'नास्तिक' वगैरे सांगतात, पण आई किंवा वडील ज्यू असतात आणि ते स्वतःला ज्यूच समजतात. एक्झिट पोलमध्ये धर्माचा एकच प्रश्न असतो. त्यात हे १५ लाख 'धर्म नाही' या रकान्यात जातात आणि ज्यूंच्या हिशेबातून गळतात. हा गट डेमोक्रॅटांकडे जास्त झुकलेला असल्यामुळे तो वगळला की रिपब्लिकन टक्का वर सरकतो. 'तुम्ही स्वतःला ज्यू मानता का?' असं विचारलं की तो परत आत येतो.

आता माणूस शोधणं. प्रमाण २.४ टक्के असेल, तर सरसकट यादृच्छिक पद्धतीने ८०० ज्यू मिळवायला सुमारे ३३,००० लोकांकडून चाळणीचे प्रश्न भरून घ्यावे लागतात. हे परवडत नाही, म्हणून वाटा काढल्या जातात:

– जिथे ज्यू वस्ती दाट, तिथले पत्ते जास्त घ्यायचे. प्यूने २०१९-२० मध्ये टपालाने असंच केलं. ६८,००० हून अधिक लोकांनी चाळणी भरली आणि त्यातून ४,७१८ ज्यू मिळाले. हे प्रमाण सुमारे ७ टक्के पडतं, २.४ नव्हे. दाट भागातून जास्त माणसं आल्यामुळे नंतर त्यांचं वजन कमी करावं लागतं, आणि त्याची किंमत चुकीच्या मर्यादेत मोजावी लागते. ४,७१८ च्या साध्या नमुन्याची मर्यादा ±१.४ आली असती. प्यूने ±३.० दिली आहे. म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने ते सुमारे १,०७० जणांच्या साध्या नमुन्याएवढं काम झालं.

– आडनावांवरून मतदार यादी चाळायची. कोहेन, लेव्ही, गोल्डबर्ग अशी नावं धरायची. स्वस्त पडतं, पण ज्यू आई आणि बिगर-ज्यू वडील असलेले, लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका, धर्मांतरित आणि बरेचसे मिझराही (मूळचे मध्यपूर्वेतले) ज्यू निसटतात. हाती येतो तो समाजाशी जास्त बांधलेला गट. इस्रायलविषयीच्या प्रश्नांवर याचा परिणाम सर्वांत मोठा.

– ऑनलाइन पॅनेल. ज्यांनी नोंदणीच्या वेळी धर्म 'ज्यू' लिहिला त्यांना बोलवायचं. इथे 'धर्म नाही' म्हणणारे पुन्हा गळतात. शिवाय ज्या ऑर्थोडॉक्स (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाच्या) घरांत इंटरनेटचा वापर मर्यादित आहे, ती पॅनेलमध्ये कमी येतात.

व्होटकास्टचा एकूण नमुना २०२० मध्ये एक लाखाच्या वर होता. त्यामुळे त्यातल्या ज्यूंची संख्याही भरपूर, हा त्याचा खरा गुण. पण त्याचा मोठा हिस्सा स्वेच्छेने आलेल्या ऑनलाइन उत्तरदात्यांचा, आणि वजन सगळ्या मतदारांना धरून दिलेलं. ज्यूंमध्ये ऑर्थोडॉक्स किती, रिफॉर्म (उदार पंथाचे) किती, हे तिथे कुणी बसवत नाही.

आता वजन. अमेरिकेच्या जनगणनेत १९७६ च्या कायद्यानुसार धर्माचा प्रश्न सक्तीने विचारता येत नाही. त्यामुळे ज्यूंचं अधिकृत वय, शिक्षण, प्रदेश असं काहीच हाताशी नाही. चाचणी करणारे प्यूचे आकडे किंवा ब्रँडाइस विद्यापीठाचा लोकसंख्या-अंदाज उसने घेतात. प्यूप्रमाणे ऑर्थोडॉक्स ९ टक्के आणि त्यातले ७५ टक्के रिपब्लिकन किंवा तिकडे झुकलेले. सगळ्या ज्यूंमध्ये हा कल २६ टक्के, म्हणजे बाकीच्यांमध्ये सुमारे २१. ऑर्थोडॉक्सांचं वजन ४ टक्के धरलं तर एकूण रिपब्लिकन २३ येतात, १४ धरलं तर जवळजवळ २९. एका रकान्याने साडेपाच टक्के हलतात.

पारडं

लघुगणक यांचं बरोबर आहे. एक भर: ऑर्थोडॉक्स प्रमाण वयाशी जोडून पाहायला हवं. प्यू २०२० मध्ये १८ ते २९ वयोगटात ते १७ टक्के, ६५ वरच्यांत फक्त ३. वय आणि पंथ वेगवेगळे जुळवले तर दोन्ही बेरजा बरोबर येतात, तरी तरुण ऑर्थोडॉक्स गायब असू शकतात. मग 'तरुण ज्यू सरसकट डावे' असा मथळा छापून येतो.

दुसऱ्या प्रश्नात मात्र नमुन्याचा वाटा लहान. तिथे आकडा प्रश्नाच्या शब्दांतून येतो. तीन संस्थांचे तीन प्रश्न शेजारी ठेवून पाहा.

एजेसीचा प्रश्न असा: सद्यस्थितीत पॅलेस्टिनी राष्ट्राच्या स्थापनेला तुमचा पाठिंबा आहे की विरोध? 'सद्यस्थितीत' म्हणताच माणूस आज टीव्हीवर काय दिसतंय त्यावरून उत्तर देतो. बदल्यात इस्रायलला काय मिळणार, ते प्रश्नात नाही. याच चाचणीत वर्षानुवर्षं आणखी एक विधान असे: अरबांचं ध्येय व्यापलेला प्रदेश परत मिळवणं नसून इस्रायलचा नाश हे आहे, सहमत की असहमत? असं वाक्य राष्ट्राच्या प्रश्नाच्या आधी आलं तर पाठिंबा खाली ओढतं. म्हणून प्रश्नावली पूर्ण आणि क्रमाने वाचायची, निवडक तक्ता पाहायचा नाही.

जे स्ट्रीटच्या पद्धतीत उत्तर देणाऱ्याला आधी एक परिच्छेद वाचायला मिळतो. निर्लष्करी पॅलेस्टिनी राष्ट्र, १९६७ च्या रेषेवर आधारित सीमा आणि जमिनीची अदलाबदल, जेरुसलेमची विभागणी, निर्वासितांना भरपाई असं सगळं त्यात असतं. मग विचारतात: असा करार झाला तर? इथे माणूस पूर्ण सौद्यावर मत देतो, आणि समोरच्या बाजूनेही सही केली हे गृहीत धरतो. ज्या शंकेपोटी एजेसीच्या प्रश्नाला तो 'नाही' म्हणतो, ती शंका प्रश्नानेच दूर केलेली असते.

प्यूचा प्रश्न तिसराच: इस्रायल आणि स्वतंत्र पॅलेस्टिनी राष्ट्र शांततेने शेजारी नांदतील असा मार्ग निघू शकतो का? २०१३ मध्ये ६१ टक्के ज्यू 'हो' म्हणाले. हा शक्यतेचा अंदाज आहे, पाठिंबा नव्हे. एखाद्याला राष्ट्र हवं असेल पण होईलसं वाटत नसेल, किंवा होईलसं वाटतं पण नको असेल. दोन्ही प्रकारची माणसं प्रत्येक नमुन्यात असतात.

म्हणून ७६, जेमतेम निम्मे आणि ६१ हे एका रेषेवरचे बिंदू नाहीत. त्यांचा आलेख काढून 'पाठिंबा घसरला' म्हणणं चूक. तुलना एकाच संस्थेच्या त्याच शब्दांतल्या प्रश्नाची वर्षागणिक करावी.

२०१५ च्या इराण अणुकरारातही हेच झालं. जे स्ट्रीटने कराराच्या अटी, तपासणी आणि निर्बंध उठवणं समजावून मग विचारलं: ६० विरुद्ध ४०. एजेसीला ५०.६ विरुद्ध ४७.२ मिळाले. ६० आणि ४० ची बेरीज बरोबर १०० होते याकडे लक्ष द्या. 'माहीत नाही' हा पर्याय दिला नाही किंवा मोजला नाही की कच्ची मतंही पाठिंब्यात किंवा विरोधात जमा होतात. परराष्ट्र धोरणात अशी मतं थोडीथोडकी नसतात.

जे स्ट्रीट दोन राष्ट्रांच्या तोडग्यासाठी काम करते, पण तेवढ्याने तिचा आकडा खोटा ठरत नाही. तो एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर आहे. बातमीत आकड्याबरोबर तो प्रश्नही छापला, तर वाचकाची फसवणूक होत नाही.

आकडेमोड

दोघांचे आभार. मग इस्रायलचा मुद्दा ज्यूंचं मत ठरवतो का? २०१२ साठी एकीकडे ४ टक्के वाचलं, दुसरीकडे १०.

लघुगणक

दोन्ही बरोबर. पीआरआरआय या अमेरिकन पाहणी संस्थेने निवडणुकीआधी 'सर्वांत महत्त्वाचा मुद्दा' एकच निवडायला सांगितला: अर्थव्यवस्था ५१, इस्रायल ४. जे स्ट्रीटने मतदानाच्या रात्री दोन मुद्दे निवडू दिले: अर्थव्यवस्था ५३, इस्रायल १०. दुसऱ्या पद्धतीत टक्क्यांची बेरीज २०० च्या जवळ जाते. हे न सांगता दोन आकडे शेजारी ठेवले तर इस्रायलचं महत्त्व अडीचपट झाल्यासारखं दिसतं.

'महत्त्वाचा' आणि 'निर्णायक' यांतही अंतर आहे. प्यू २०२० मध्ये ४५ टक्के म्हणाले की इस्रायलची काळजी असणं हा त्यांच्या ज्यू असण्याचा अत्यावश्यक भाग आहे. आणखी ३७ टक्क्यांनी 'महत्त्वाचा पण अत्यावश्यक नाही' म्हटलं. ही माणसं मतपेटीपाशी मात्र अर्थव्यवस्था आणि आरोग्यसेवा धरून ठरवतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

हिरवी_रेषा

चर्चा अमेरिकेची आहे, पण शांतता-प्रक्रियेवर लिहिताना इस्रायली ज्यूंचे आकडे याच यादीत मिसळले जातात, म्हणून थोडं.

तिथे 'ज्यू कोण' ही अडचण नाही; लोकसंख्या नोंदणी पक्की आहे. अडचण पोहोचण्याची. हरेदी (अतिकर्मठ) समाजात अनेकांकडे 'कोशर' फोन असतो, त्यावर इंटरनेट नाही आणि बऱ्याचदा मेसेजही नाहीत. नुसत्या ऑनलाइन पॅनेलने ते कमी पडतात, म्हणून जोडीला फोनवर मुलाखती घ्याव्या लागतात. शुक्रवार दुपारपासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत फोन करायचा नाही. हरेदींचं वजन लोकसंख्येतल्या वाट्यावरून दिलं तर ते फुगतं, कारण त्यांच्यात मुलं फार. मतदार वयाच्या लोकांमधला वाटा घ्यायचा. १९९० नंतर आलेल्या रशियन भाषकांसाठी, विशेषतः वयस्करांसाठी, मुलाखत रशियनमध्ये हवी.

शांततेच्या प्रश्नांसाठी दोन मालिका उपयोगी. एफ्राइम याआर आणि तमार हर्मन यांनी १९९४ मध्ये तेल अवीव विद्यापीठात सुरू केलेला पीस इंडेक्स लांब काळाची तुलना देतो. पॅलेस्टिनी संशोधक खलील शिकाकी यांच्या रामल्लातल्या केंद्राने इस्रायली संशोधकांबरोबर केलेल्या संयुक्त चाचण्यांत प्रश्नांची मांडणी शिकण्यासारखी आहे. आधी कराराचं एकेक कलम: निर्लष्करी राष्ट्र, ग्रीन लाइन (१९६७ पूर्वीची सीमारेषा) आणि जमिनीची समान अदलाबदल, एक लाख निर्वासितांचं कुटुंब-एकत्रीकरण, पूर्व जेरुसलेम पॅलेस्टाईनची राजधानी, ज्यू मोहल्ला आणि पश्चिम भिंत इस्रायलकडे. मग सगळं गाठोडं एकत्र. शेवटी विरोध करणाऱ्यांनाच विचारतात: करारासोबत सगळ्या अरब देशांशी शांतता मिळाली तर मत बदलाल का? विरोध किती घट्ट आणि किती सैल, ते या तिसऱ्या पायरीवर कळतं. शिवाय पश्चिम किनाऱ्यावरच्या वसाहतींत राहणारे ज्यू मुद्दाम जास्त संख्येने घेतात, नाहीतर त्यांच्याबद्दल स्वतंत्र काही बोलता येण्याइतके लोक नमुन्यात येत नाहीत.

फक्त 'इस्रायली' असा आकडा दिसला तर तो ज्यूंचा की अरब नागरिकांसह सगळ्यांचा, हे आधी पाहा. द्विराष्ट्र तोडग्यावर या दोहोंत बराच फरक पडतो.

पारडं

तक्त्यांचा प्रश्न राहिला. चाचणी करणाऱ्यांकडून मागायच्या गोष्टी, माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने: पूर्ण प्रश्नावली क्रमासह, चाळणीचा नेमका प्रश्न, नमुना कुठून आणला, वजन कोणत्या घटकांवर दिलं आणि त्यांची उद्दिष्टं कुठून घेतली, वजनाआधीची पंथवार संख्या.

ही शेवटची बाब लोक विसरतात. ८०० च्या चाचणीत ऑर्थोडॉक्स ९ टक्के म्हणजे ७२ माणसं, आणि तेवढ्यांची चुकीची मर्यादा सुमारे ±११.५. त्यातही पुरुष-स्त्री असं विभागलं तर बोलण्यासारखं काही उरत नाही. ऑर्थोडॉक्सांवर लिहायचं असेल तर जिथे त्यांचा वेगळा, मोठा नमुना घेतला आहे तीच चाचणी वापरा.

आणि ८०० वर ±३.५ लिहिलेलं दिसलं की समजा, तो साध्या यादृच्छिक नमुन्याचा हिशेब आहे. पॅनेलमधून निवडून वजन दिलेल्या नमुन्याची खरी मर्यादा त्याहून मोठी. ४,७१८ लोक असूनही प्यूने ±३.० लिहिले, ते याचसाठी.

आकडेमोड

समजलं. मग २०२४ चं सांगतो. व्होटकास्टमध्ये हॅरिस ६६ च्या आसपास, जे स्ट्रीटच्या चाचणीत ७१. लेखात दोन्ही देईन, पण आधी दोन्हींची चाळणी आणि वजन लिहून मगच. सरासरी काढू का?

लघुगणक

नको. व्याख्या वेगळ्या असताना सरासरी काढली तर ती कोणत्याच गटाची राहत नाही. 'धर्माने ज्यू' आणि 'स्वतःला ज्यू मानणारे' अशा दोन वेगळ्या ओळी द्या. प्रत्येक ओळीत त्याच संस्थेचा २०२० चा आकडाही ठेवा. दोन्हीकडे डेमोक्रॅट उमेदवाराचा टक्का २०२० पेक्षा खाली आला आहे, आणि त्यावर विश्वासाने लिहिता येईल.