हँड्स-फ्री: हातमुक्त, बिनहाती की आणखी काही?

मृणाल_सातारा: चार दिवस एका शब्दावर अडकले आहे. एका रुग्णालयासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची माहितीपत्रिका मराठीत करतेय. पोटातली दुर्बीण रोबोटिक हात धरतो, डॉक्टर मान हलवून ती फिरवतात आणि त्यांचे दोन्ही हात अवजारांवरच राहतात. मूळ मजकुरात याला हँड्स-फ्री म्हटलंय. मी ‘हातांविना नियंत्रण’ लिहिलं आणि मामींना वाचायला दिलं, कारण त्यांचं पित्ताशय पुढच्या महिन्यात काढायचंय. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हातांविना? मग डॉक्टर नुसते उभे राहणार का गं?” लगेच खोडलं. आता काय लिहू?

वि_रा: हस्तमुक्त. ऋणमुक्त, भयमुक्त, टोलमुक्त सगळे रुळले, हाही रुळेल.

सुलभा: टोलमुक्त म्हणजे जिथे टोल नाही. मग हस्तमुक्त म्हणजे जिथे हात नाही! मामींची भीती जशीच्या तशी राहते. उलटवून ‘मुक्तहस्त’ केलं तर चित्रकलेच्या तासाचं चित्र आठवतं, नाहीतर दानधर्म.

ओटी_सिस्टर: बावीस वर्षं ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आहे, म्हणून सांगते. एरवी दुर्बीण ज्युनिअर धरतो. दोन तासांनी त्याचा हात थरथरतो, पडद्यावरचं चित्र डुलतं, काच कुठेतरी टेकली की धूसर होते. बाहेर काढा, पुसा, परत घाला. सर सारखे “सरळ धर, सरळ धर” म्हणत असतात. हे यंत्र हात काढून घेत नाही, न दमणारा एक हात वाढवतं. शब्दात ते आलं पाहिजे.

पायपेटीवाला: सिस्टरांशी सहमत. मराठीत वस्तूचं काय मोकळं राहिलं ते आपण सांगत नाही, ती कशाच्या जोरावर चालते ते सांगतो. हातमाग, हातपंप, बैलगाडी. आजोबांची पायपेटी होती. भाता पायांनी चालायचा, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांवर. डाव्या पायडलचं चामडं फाटलं तेव्हा ते एकट्या उजव्या पायाने भाता मारून अख्खं भजन वाजवायचे. त्या पेटीला कोणी ‘हातमुक्त पेटी’ म्हणालं नाही.

हँड्स-फ्री या एका टोपल्यात निरनिराळ्या गोष्टी कोंबल्यात. ‘ईसॉप’ या दुर्बीण धरणाऱ्या हाताला अमेरिकेत १९९४ साली मान्यता मिळाली आणि पुढे तो बोललेल्या आज्ञेवर हलू लागला. ‘सेनहान्स’ या शस्त्रक्रियेच्या रोबोटमध्ये कॅमेरा डोळ्यांच्या रोखाने सरकतो. ‘फ्रीहँड’ नावाचं ब्रिटिश यंत्र मानेवर चालतं, तेही पायाखालचं बटण दाबलेलं असेल तरच. नाहीतर डॉक्टरांनी सिस्टरकडे वळून पाहिलं की दुर्बीणही वळायची. रुग्णाला हे कळायला हवं. ‘मानेच्या इशाऱ्यावर फिरणारी दुर्बीण’ लिहा.

वि_रा: हे वर्णन झालं, संज्ञा नव्हे. पारिभाषिक शब्द एकच हवा, नाहीतर मराठीत पाठ्यपुस्तकं लिहायची कशी? शिवाय ‘इशारा’ अरबी आहे. ‘संकेत’ म्हणा.

सुलभा: मानेचा संकेत? माझ्या आजीने आयुष्यभर मानेनेच इशारे केले, संकेत एकही नाही. इतकी शतकं वापरलेला शब्द परका कसा?

डॉ_पुणे: एक दुरुस्ती. बरेच जण ‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या रोबोटलाही यात ओढतात. तिथे सर्जन कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या यंत्रापाशी, बसून दोन्ही हातांनीच अवजारं चालवतो. कॅमेऱ्याचं पायडल दाबलं की तेच हात कॅमेरा फिरवतात. डोकं चित्र बघायच्या खिडकीतून बाहेर काढलं की अवजारं जागीच थबकतात. ते हँड्स-फ्री नाही.

वि_रा: ‘सर्जन’ म्हणजे निर्मिती. शल्यविशारद लिहावं. आणि रोबोट कशाला? यंत्रमानव आहे ना.

ओटी_सिस्टर: त्यात मानव कुठे आहे? खांब आणि हात. आमच्याकडे सगळे ‘रोबो’ म्हणतात.

सुलभा: यंत्रभुजा?

पायपेटीवाला: छान आहे! पण ‘रोबोट’चं मूळ विसरू नका. कारेल चापेक यांच्या १९२० च्या चेक नाटकातून तो जगभर गेला. चेकमध्ये ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीची मजुरी, आपली वेठ.

मृणाल_सातारा: ‘मानेच्या इशाऱ्यावर’ घेतलं. मामी म्हणाल्या, “हां, म्हणजे हात कामातच आहेत.” पण वरच्या मथळ्यात आवाज, डोळे, मान हे तिन्ही प्रकार एकत्र येतात आणि तिथे अजून जागा रिकामी आहे. उद्या संध्याकाळी द्यायचंय. कोणी सुचवेल का?

वि_रा: वेठ हा संस्कृत ‘विष्टि’वरून आला, बिगार मात्र फारसी. म्हणजे ‘वेठबिगार’ हा शब्दच अर्धा आपला. शुद्ध रूप करायचं तर…

सुलभा: वेठबिगार अर्धा नाही, पूर्ण आपला आहे. राबणाऱ्यांनी तो जोडूनच उच्चारला.