मदत हवी आहे : दोन विषय राहिले म्हणून बहिणीची शिष्यवृत्ती बंद होते का?

पऱ्हाटी :
माझ्या धाकट्या बहिणीचे दोन विषय राहिले आणि तेवढ्यावरून तिची शिष्यवृत्ती बंद झाल्याचे महाविद्यालयाच्या खिडकीवर सांगण्यात आले. पैसे थांबले आहेत, खोलीमालक दोन महिन्यांचे भाडे मागतो आहे आणि अर्जाची मुदत तोंडावर आली आहे. असा नियम खरोखर आहे का, आणि असल्यास त्यातून मार्ग कोणता, एवढेच मला हवे आहे. "कार्यालयात जाऊन चौकशी करा" हे उत्तर कृपया कोणी देऊ नये. तीन वेळा जाऊन आलो, आणि प्रत्येक खेपेला एस.टी.चे भाडे गेले व शेतातले एका दिवसाचे काम बुडाले.

अंबाडी :
आपली घाई समजते, परंतु आपण योजनेचे नावच लिहिलेले नाही. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर, समाजकल्याणाच्या, आदिवासी विकासाच्या, उच्च शिक्षणाच्या अशा कितीतरी योजना आहेत आणि प्रत्येकीच्या अटी निराळ्या आहेत. प्रवर्ग कोणता, अभ्यासक्रम कोणता, बहीण कितव्या वर्षाला आहे आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यामुळे खोली केली आहे का, हे कळल्याशिवाय दिलेले उत्तर अंदाजपंचेच असेल.

तुरीची शेंग :
इतक्या चौकशीची गरज नाही. माझे स्वतःचे पहिल्या वर्षी तीन विषय राहिले होते आणि तरीही शुल्काची रक्कम मिळाली. मागील सत्रात ५० टक्के हजेरी असावी, परीक्षेला बसलेले असावे आणि अभ्यासक्रमात दोन वर्षांचा खंड नसावा, एवढेच पाहतात. निश्चिंत राहा.

निवृत्त लिपिक :
तुरीची शेंग यांनी सांगितलेल्या अटी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीच्या आहेत. त्या येथे लागू आहेत की नाहीत, हे प्रवर्ग कळल्याशिवाय ठरणार नाही. धागाकर्त्याला खोटी निश्चिंती देऊ नये, कारण मुदत टळल्यावर त्याच्यासोबत खिडकीवर उभे राहायला आपल्यापैकी कोणीही जाणार नाही.

पऱ्हाटी :
हे सर्व उघडच आहे असे मला वाटले होते. अनुसूचित जाती, बी.एस्सी., पहिले वर्ष संपवून आता दुसऱ्या वर्षाला यवतमाळला शिकते. वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही म्हणून खोली केली. आता तरी कोणी नियम सांगेल का?

निवृत्त लिपिक :
सांगतो. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीत नापास होणे आणि एटीकेटी, म्हणजे काही विषय बाकी असूनही वरच्या वर्गात जाण्याची मुभा, मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याला वरच्या वर्गात प्रवेश मिळाला असेल, तर खालच्या वर्गाचे विषय पुन्हा द्यायचे बाकी असले तरी, इतर अटी पूर्ण होत असल्यास वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती त्याला देय असते. याउलट वर्षच वाया गेले तर त्या वर्षाचे परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो, पण पुढे वरच्या वर्गात जाईपर्यंत लाभ थांबतो. आपली बहीण दुसऱ्या वर्षात बसते आहे, म्हणजे केवळ दोन विषयांवरून शिष्यवृत्ती बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. अर्ज नेमक्या कोणत्या शेऱ्याने परत आला?

परदेशस्थ वऱ्हाडी :
माहितीसाठी लिहितो. अमेरिकेत केंद्र सरकारची शिक्षणमदत टिकवायची तर चार वर्षांची पदवी दीडपट काळात, म्हणजे सहा वर्षांच्या हिशेबात पूर्ण व्हावी लागते. त्यासाठी घेतलेल्या श्रेयांकांपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण झालेले असावेत, असे बहुतेक महाविद्यालये धरतात, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस 'सी' श्रेणीची सरासरी लागते. घरात आजारपण किंवा मृत्यू झाला असल्यास लेखी अपील करता येते. आपल्याकडेही अशी व्यवस्था हवी.

अंबाडी :
माहिती चांगली आहे, परंतु ज्याला यवतमाळची खिडकी भारी पडते आहे त्याला अमेरिकेची दाखवून उपयोग नाही. पऱ्हाटी, शेरा वाचून सांगावा.

पऱ्हाटी :
शेरा असा आहे : "मागील वर्षाचा निकाल व गुणपत्रिका जुळत नाही." अर्ज आमच्या तालुक्याच्या ठिकाणी दुकानातून भरला होता. तेथील मुलाने गुणपत्रिकेवर दोन विषयांसमोर शिक्का पाहिला आणि निकालाच्या रकान्यात "नापास" निवडून टाकले. दुकानात गर्दी होती आणि बहिणीनेही न वाचता होकार दिला. शिवाय वर्षाला ४३,००० रुपये मिळतात त्यांचा दुसरा हप्ता आलाच नाही, तोही यामुळेच थांबला असणार.

निवृत्त लिपिक :
आता गाठ सापडली, पण त्या दोन आहेत. ४३,००० हा आकडा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नव्हे. तो वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा आहे : भोजन २५,०००, निवास १२,००० आणि निर्वाह ६,०००. आपल्या घरी दोन्हींना "शिष्यवृत्ती" म्हणत असावेत, म्हणून खिडकीवरही गोंधळ झाला असेल. पहिली गाठ सोपी आहे. सेंड बॅक झालेला, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आलेला, अर्ज उघडून निकाल "एटीकेटी" असा दुरुस्त करावा, दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची पावती जोडावी आणि पुन्हा सादर केल्याची छापील प्रत जवळ ठेवावी. दुसऱ्या गाठीसाठी हजेरी सांगावी, कारण स्वाधारला ७५ टक्के लागते.

तुरीची शेंग :
बँक खाते आधारला जोडले आहे का, हे आधी पाहा. निम्म्या लोकांचे पैसे तिथेच अडकतात.

पऱ्हाटी :
खाते जोडलेले आहे, पहिला हप्ता त्याच खात्यात आला होता. हजेरी ६१ टक्के आहे. मागच्या नोव्हेंबरात कापसाची बोंडे फुटली आणि गावात वेचणीला मजूर मिळेना, म्हणून मीच तिला बोलावून घेतले. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, करून चार दिवसांत परत जाईन म्हणून आली आणि पाच आठवडे राहिली. हे मी आधी लिहिले नाही, कारण प्रश्न विषयांचा आहे असे मी समजत होतो.

तुरीची शेंग :
मग डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन टाका. दोनशे-तीनशे रुपयांत काम होते, सगळेच करतात.

अंबाडी :
सगळे करत नाहीत. मी स्वतः महाविद्यालयात शिकवते. ज्या आठवड्यात मुलगी आजारी असल्याचा कागद येतो, त्याच आठवड्यात तिची प्रयोगवहीवर सही निघाली, तर ४३,००० राहिले बाजूला आणि खोट्या कागदाचे उत्तर द्यायची वेळ त्या मुलीवर येते. पऱ्हाटी, आधी ६१ चा हिशेब तपासावा. बी.एस्सी.ला प्रात्यक्षिकांची हजेरी विभागाच्या वेगळ्या वहीत असते आणि कार्यालयात अनेकदा फक्त तासांची बेरीज पोहोचते. ती राष्ट्रीय सेवा योजनेत आहे का? सात दिवसांच्या विशेष शिबिराला गेली असल्यास त्या दिवसांची हजेरी धरली आहे का, तेही विचारावे. अर्ज प्राचार्यांच्या नावे लेखी द्यावा आणि आवक क्रमांक घ्यावा.

पऱ्हाटी :
काल चौथ्यांदा जाऊन आलो. महाडीबीटीचा अर्ज दुरुस्त करून सादर केला. या वेळी बहिणीने स्वतः प्रत्येक रकाना मोठ्याने वाचला, दुकानातला मुलगा वैतागला तरी ती थांबली नाही. विभागाच्या वहीतून प्रात्यक्षिके आणि शिबिराचे दिवस धरल्यावर हजेरी ७३ टक्के झाली. दोन टक्के कमीच पडतात. अर्जात वेचणीचे कारण जसे होते तसे लिहून दिले आणि आवक क्रमांक घेतला.

निवृत्त लिपिक :
मागील हप्त्याचे काय होईल, ते त्या अर्जावरच्या निर्णयानंतर कळेल. चालू सत्राची हजेरी मात्र आजपासून दर महिन्याला विभागात पाहत जावी, वर्षअखेरीची वाट पाहू नये.

पऱ्हाटी :
पाहू. यंदाची पहिली वेचणी पुढच्या आठवड्यात आहे. शेजारच्या गावातल्या सहा बायांना आगाऊ पैसे देऊन आलो आहे, बहिणीला कळवलेलेही नाही.