लिमात खायचं तर दुपार मोकळी ठेवा

पेरूच्या राजधानीत, लिमात, दोनच दिवस आहेत, जेवायचं कुठे, असं तुम्ही विचारलंय. सेंट्रल, माइदो या तिथल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटांची नावं तुमच्या कानावर आलीच असतील. तिथलं बुकिंग मिळालं नाही तर अजिबात खट्टू होऊ नका.

सेविचे, म्हणजे लिंबात मुरवलेला कच्चा मासा, मात्र दुपारीच खा. तिथे तो दुपारचाच पदार्थ, बऱ्याच सेविचेरिया संध्याकाळ व्हायच्या आत बंद होतात. सुर्कियोच्या बाजारात स्टुलावर बसायचं. समोर मासा कापला जातो, त्यावर लिंबू पिळतात, लाल कांदा, आही लिमो मिरची, बाजूला उकडलेलं रताळं आणि मक्याचे दाणे. ताटात उरलेला आंबट-तिखट पांढुरका रस, म्हणजे लेचे दे तिग्रे, सोडू नका. मला माशापेक्षा तोच जास्त आवडतो.

शाकाहारी मंडळींसाठी पापा आ ला वांकाइना आहे: उकडलेला बटाटा, वर चीज आणि पिवळ्या मिरचीचा सॉस. अंडं नको असेल तर आधीच सांगा.

प्यायला पिस्को सावर, म्हणजे पिस्को या द्राक्षांच्या दारूचं आंबट कॉकटेल, हवं तर पुएब्लो लिब्रेमधली १८८० सालची अँटिग्वा ताबेर्ना केइरोलो गाठा. पिस्को सावरमध्येही अंड्याचा पांढरा भाग असतो. ज्यांना दारू नको त्यांनी जांभळ्या मक्याची चिचा मोराडा घ्यावी. दालचिनी-लवंगेचा वास येतो.

आणि मिराफ्लोरेसच्या केनेडी पार्कात रात्री पिकारोनेस. भोपळा-रताळ्याच्या पिठाची कडी गरम तेलात सोडतात, वरून चांकाकाचा पाक. चांकाका म्हणजे आपला गूळच हो!