मदत हवी आहे: डब्ल्यू कमी केला की बॅरिऑन ससेप्टिबिलिटी ऋण होते

नमस्कार मंडळी,

ब्रुकहेवनच्या बीम एनर्जी स्कॅनमधल्या टकरींच्या हायड्रो सिम्युलेशनसाठी क्रिटिकल पॉइंट (जिथे पहिल्या दर्जाच्या संक्रमणाची रेषा संपते तो बिंदू) असलेलं क्वार्क-ग्लुऑन द्रव्याचं अवस्था समीकरण लिहितोय. पद्धत बेस्ट कोलॅबोरेशनची. तयार कोड मिळतो, पण गाइडना तो मी मुळापासून लिहायला हवाय.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी: म्यू (बॅरिऑन केमिकल पोटेन्शियल) शून्य नसेल तर साइन प्रॉब्लेममुळे (बेरजेतली वजनं धन राहत नाहीत) लॅटिसवर, म्हणजे अवकाश-काळाच्या जाळीवर, थेट गणित होत नाही. म्हणून शून्यापाशी काढलेल्या, दाबाच्या म्यू/टी (टी म्हणजे तापमान) मधल्या टेलर सहगुणकांवर (सी२, सी४ वगैरे) भागवायचं आणि क्रिटिकल पॉइंटची वागणूक त्रिमितीय आयसिंग मॉडेलमधून उसनी घ्यायची. बिंदू कुठे ठेवायचा ते आपणच ठरवायचं. मी म्यू ३५० आणि तापमान सुमारे १४३ एमईव्हीला ठेवलाय.

आयसिंगचे चल तापमान-म्यूच्या नकाशावर किती ताणायचे ते डब्ल्यू आणि र्‍हो हे पॅरामीटर ठरवतात. डब्ल्यू = १, र्‍हो = २ ला सगळं सुरळीत. डब्ल्यू ०.५ केला की तापमान १३० आणि म्यू ४५०च्या आसपास दाबाचा म्यूच्या सापेक्ष दुसरा डेरिव्हेटिव्ह (म्हणजेच बॅरिऑन ससेप्टिबिलिटी) ऋण येतो आणि हायड्रो कोड आपटतो. ग्रिड १ एमईव्हीची, डेरिव्हेटिव्ह फायनाइट डिफरन्सने. दोष पॅरामीटरचा की माझ्या रूट-फाइंडिंगचा, हे कसं ओळखू?

प्रतिसाद १:
दोन्ही शक्य आहे, वेगवेगळं तपासा.

आधी रूट. आर (आयसिंगचं घटवलेलं तापमान) ऋण आणि एच (चुंबकीय क्षेत्र) शून्याजवळ असताना न्यूटन पद्धत थीटा (आर आणि एच ज्यातून मांडतात त्या दोन चलांपैकी एक) +१.१५४ वरून −१.१५४ वर सहज उडी मारते. दोन चलांत शोधूच नका. थीटाचं चिन्ह एचचंच असतं, त्यामुळे आर आणि एचच्या गुणोत्तरातून एकट्या थीटाचं समीकरण बनवा आणि बायसेक्शनने सोडवा. डेरिव्हेटिव्हही सूत्रानेच काढा. टेबलातला बारीक खरखरीतपणा दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये डोंगराएवढा होतो.

एवढं करूनही ऋण आलं तर पॅरामीटर बघा. डब्ल्यू लहान म्हणजे आयसिंगचा वाटा मोठा, आणि तो लॅटिसच्या सहगुणकांतून वजा होतो. उरलेल्या भागाची ससेप्टिबिलिटी २सी२ + १२सी४(म्यू/टी)². तुमच्या जागी म्यू/टी जवळपास ३.५, म्हणजे सी४ला १४४ने गुणलं जातंय! वजाबाकीनंतरचा सी४ छापून बघा; तो ऋण असेल तर कारण सापडलं. असे पॅरामीटर स्थिरतेच्या अटीत बसत नाहीत म्हणून सोडूनच देतात. त्यावर स्मूदिंगचं ठिगळ लावू नका.

प्रतिसाद २:
जरा अवांतर. आपल्या मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) गवई आणि गुप्ता यांनी याच टेलर सहगुणकांवरून क्रिटिकल पॉइंटचा अंदाज काढला होता. २००५ साली म्यू/टी १.१च्या आसपास, पुढे बारीक लॅटिसवर १.८. तुमचा बिंदू २.४ला पडतो. तो आणखी पुढे सरकवणार असाल तर चौथ्या घातापर्यंतची सीरिज पुरणार नाही, टी-प्राइम पद्धतीचा विस्तार (म्यूचा परिणाम तापमान सरकवून धरणारा) घ्या.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. बायसेक्शन लावल्यावर एच शून्य असलेल्या रेषेजवळचे दाते गेले, ४५०चा ऋण पट्टा मात्र तसाच आहे. सी४ छापतोय. डब्ल्यू ०.५च ठेवून र्‍हो वाढवला तर चालेल का?