मदत हवी आहे: पतसंस्थेत पिग्मी अ‍ॅप आणायचंय, कुठलं चेंज मॅनेजमेंट मॉडेल धरू?

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेत हेड ऑफिसला आहे. संचालक मंडळानं ठरवलंय की दिवाळीनंतर पिग्मीची (एजंट रोज फिरून गोळा करतात त्या छोट्या ठेवींची) जुनी मशीन बंद, सगळ्या एजंटांनी मोबाइल अ‍ॅपवर वसुली करायची, पैसे घेतले की खातेदाराला लगेच मेसेज, आणि शाखेतलं हाताचं लेजरही बंद. याचा आराखडा मला पुढच्या मीटिंगला मांडायचाय.

अ‍ॅप नीट चालतं, सॉफ्टवेअरवाल्यांनी ट्रेनिंगही दिलं, पण एजंट मनापासून तयार नाहीत. त्यातले काही वर्षानुवर्षं एकाच बाजारपेठेत फिरतायत, दुकानदार पैसे देतात ते त्यांच्या ओळखीवर, ते नाराज होऊन दुसऱ्या संस्थेत गेले तर ठेवीही जातील. कुणाला वाटतं उद्या क्यूआर कोड लावून आपलं कमिशनच काढतील, कुणाला स्क्रीनवरचं बारीक दिसत नाही, आणि आजची वसुली उद्या दुपारी भरायची सवय असलेलेही असतील, ते काही उघड बोलणार नाहीत. सीनियर क्लार्क लोकांना तर हातानं तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) जुळवल्याशिवाय चैन पडत नाही.

लोकांकडून बदल कसा स्वीकारून घ्यायचा, त्याच्या मॉडेलांबद्दल थोडं वाचलंय. जॉन कॉटर या व्यवस्थापनतज्ज्ञाच्या ८ पायऱ्या (१९९५ च्या लेखातल्या) मोठ्या कंपन्या डोळ्यासमोर ठेवून लिहिल्यासारख्या वाटतात, आधी निकड पटवा, मग पुढाकार घेणारा गट बांधा वगैरे, आणि आमच्याकडे निकड म्हटलं की लोकांना संस्था अडचणीत आहे असंच वाटेल, पतसंस्थेत अशी कुजबुज परवडत नाही. अडकार (ADKAR) मॉडेल पटलं: जाणीव, इच्छा, ज्ञान, क्षमता आणि शेवटी बदल टिकवणं. त्यात बघितलं तर आम्ही थेट ज्ञानावर उडी मारली, इच्छेचं कुणी बघितलंच नाही. आणि मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनचं फोर्स फील्डही पटलं, म्हणजे बदलाला ढकलणारे जोर एका बाजूला आणि अडवणारे दुसऱ्या बाजूला मांडायचे, आणि ढकलणं वाढवण्यापेक्षा अडवणारे जोर कमी करायचे, नाहीतर ताण वाढतो.

यातलं एकच धरावं की दोन्ही एकत्र चालतील? आणि ज्यांचं पोट कमिशनवर आहे त्यांची 'इच्छा' तयार करायची म्हणजे नेमकं काय करायचं? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद:
दोन्ही चालतात. फोर्स फील्ड आधी, सगळ्या संस्थेसाठी, आणि अडकार नंतर एकेका माणसासाठी, कोण कुठे अडकलाय ते बघायला. इच्छेबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, कोच आणि फ्रेंच या संशोधकांचा १९४८ चा हारवुड कारखान्यातला अभ्यास जरूर बघा. अमेरिकेत व्हर्जिनियातला पायजमे शिवायचा कारखाना, तिथे कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता सांगितला, एका गटाचे प्रतिनिधी ठरवताना बसवले, आणि काही गटांत सगळ्यांनाच सामील केलं. नुसतं सांगितलेल्या गटाचं उत्पादन पडलं ते सावरलंच नाही, पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक काम सोडून गेले. सगळे सामील होते ते गट पटकन सावरले आणि आधीपेक्षा पुढे गेले.

म्हणून एजंटांना ट्रेनिंगला नाही, ठरवायला बोलवा. मेसेजमध्ये काय लिहायचं, अक्षर किती मोठं, रेंज नसेल तर नोंद कशी, हे त्यांनाच ठरवू द्या. कमिशन कमी होणार नाही हे तोंडी नको, संचालक मंडळाचा ठराव करून त्याची प्रत द्या. भरण्याची वेळ मात्र सगळ्यांना एकच आणि स्पष्ट ठेवा, तिथे सवलत नको.

धागाकर्ता:
खूप आभार सर, ठरावाचं डोक्यातच आलं नव्हतं, मीटिंगच्या विषयपत्रिकेत घालतो. अजून एक, हाताचं लेजर आणि सॉफ्टवेअर दोन्ही बरोबर किती दिवस चालवावं? क्लार्क लोक वर्षभर म्हणतायत.

प्रतिसाद:
वर्षभर ठेवलंत तर लेजरच खरं राहील. एका शाखेत सुरू करा, सलग दोन महिनाअखेरींना दोन्ही तेरजा जुळल्या की त्या शाखेचं लेजर बंद. जुळवणी त्याच सीनियर क्लार्कच्या हातून करून घ्या आणि खाली सही त्यांचीच घ्या.